तिसऱ्या मजल्यावरचं दार

सांगली, सोमवार, २ फेब्रुवारी १९९८

नूरीनने ही वही हातात दिली आणि म्हणाली, "अब्बा, रोज काय काढलंत, कुठला रंग घेतलात, ते लिहून ठेवा. नंतर लागेल." मला पत्राशिवाय दुसरं काही लिहायची सवय नाही. तेव्हा पत्रासारखीच सुरुवात करतो.

रशीदा, तुझा गुडघा कसा आहे? आज जिना चढताना दोनदा थांबलीस ते पाहिलं, बोललो नाही. नूरीन बेटा, तुझे डोळे कसे आहेत? त्या काचेकडे बघून बघून लाल झालेत, गुलाबपाण्याची पट्टी ठेवत जा. अश्फाक, महाबळेश्वरच्या थंडीत तुझा खोकला गेला का? टॅक्सीच्या काचा लावून विडी ओढतोस, बापाला वास लागतो. आम्रपाली, तुझ्या आईचा दम आता कसा आहे? आणि बाहेरच्या खोलीतल्या पाहुण्या, तुझी तब्येत बरी ना? हा पाहुणा म्हणजे नूरीनचा कॉम्प्युटर, ती काच ह्याचीच. पुण्याहून जुना आणलाय. लाईट गेली की आचका देऊन गप होतो आणि पोरीचा जीव टांगणीला लागतो.

माझं म्हणाल तर त्रेसष्ट झाली, पण ब्रश धरल्यावर हात हलत नाही. बादशहा पेंटर म्हटलं की अजून माणसं ओळखतात. जत्रेतल्या नाटकांचे पडदे मी रंगवले: राजवाडा, जंगल, भर बाजार. दुकानांचे बोर्ड तर मोजले नाहीत. शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळं बघून बघून शिकलो. आता बोर्डाची अक्षरंसुद्धा कॉम्प्युटरवर कापतात, त्यामुळे हात मोकळाच होता. तर ज्यानं काम नेलं त्याच्याच घरी मी कामाला लागलोय.

नूरीन आणि तिची मैत्रीण आम्रपाली मिळून कॉम्प्युटरवरचा खेळ करताहेत. लांबच्या कुठल्या तांबड्या ग्रहावर पाणी शुद्ध करायचं ठाणं आहे, सहा मजली. तिथली यंत्रं बिथरली आणि पाणी अडवून बसली. एकटा पाणीवाला खालून वर जाणार, यंत्रं मोडत, व्हॉल्व्ह सोडत. जितकी यंत्रं मोडेल तितका शहाणा होतो, नवी हत्यारं मिळतात. पाणीवाल्याचं नाव कोंडीबा. आम्रपालीच्या कडेगावाकडच्या गावात पाणी सोडणारे होते, त्यांचं नाव.

पुण्यातली एक कंपनी खेळ घेते म्हणते. घेतला तर नूरीनला तिथंच नोकरी. नाही घेतला तर पाचगणीच्या बोर्डिंग शाळेची ऑर्डर येऊन पडली आहे, मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा. नूरीन म्हणते, "तिथं मी आयुष्यभर टायपिंग शिकवत बसेन, अब्बा." मला विचाराल तर पाचगणी वाईट नाही. भाऊ अश्फाक जवळच, महाबळेश्वरला; दर रविवारी घरी येईल. पण मला कुणी विचारलेलं नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आठ दिवसांची मेहनत पाण्यात.

मी बावीस चित्रं काढली. जमीन, भिंती, पाइप. नूरीनने ती डीटीपीवाल्याकडून कॉम्प्युटरमध्ये घालून आणली आणि काचेवर जोडली. एकही चित्र दुसऱ्याशी जुळेना. भिंत जाते कोकणात, जमीन जाते कर्नाटकात.

"अब्बा, लांबचं लहान काढू नका."

"लांबचं लहानच दिसतं, पोरी. चाळीस वर्षं हेच केलं."

"इथं नाही दिसत. जवळ काय, लांब काय, सगळं एका मापाचं. वरून, तिरकं बघायचं."

मला उमगेना. म्हणजे कसं? शेवटी म्हणाली, कावळा तारेवर बसून अंगणाकडे बघतो तसं. हे पटलं. पण जमिनीचा एक तुकडा कुठल्या आकाराचा, ते काही डोक्यात बसेना. ती पट्टी घेऊन कोन सांगत होती. रशीदा चहा घेऊन आली, कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, "शंकरपाळी हाय की."

झालं. लाटलेल्या पोळीवर आडव्यातिडव्या रेघा मारल्या की जशी शंकरपाळी पडते, तसा एकेक तुकडा. सगळ्या सारख्या, कडेला कड. रशीदा हसत आत गेली. मग मात्र येता-जाता काचेसमोर थांबायला लागली. ह्या वयात तिला कसलं नवल, कोण जाणे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

साखर कारखान्यात जाऊन आलो. तिथं पूर्वी बोर्ड रंगवले होते, वॉचमन ओळखीचा. हंगाम चालू आहे. बॉयलर, रसाचे पाइप, वाफ, लोखंडी जिने, सगळं कागदावर उतरवलं. गाळपाचा आवाज असा की शेजारचा माणूस ओरडला तरी फक्त तोंड हलताना दिसतं. तांबड्या ग्रहावरचं ठाणं ह्याच्यापेक्षा वेगळं असेल असं मला वाटत नाही.

मंगळवार, ३ मार्च

तिसरा मजला पुरा केला. हा सगळ्यात अवघड मजला, नूरीनने मुद्दाम तसा ठेवलाय. बॉयलरच्या मागे अंधारात एक बोळ आहे, तिथून जिना वर जातो. समोर मात्र नुसती लांबलचक भिंत होती. पोरीच्या नकाशात भिंत म्हणजे भिंत. मला ती बघवेना. पडद्यावर एवढी मोकळी जागा ठेवली तर लोक म्हणतील पेंटरला रंग कमी पडला. तेव्हा मधोमध एक दार काढलं. अर्धं उघडं, आतून पिवळा उजेड, उंबऱ्यावर उजेडाचा पट्टा. शोभेला. नूरीन घाईत होती, "छान आहे अब्बा" म्हणाली आणि चिकटवून टाकलं.

खरं सांगतो, सगळ्या खेळात त्या दाराइतकं चांगलं मी काही काढलेलं नाही.

रविवार, २२ मार्च

चौदा फ्लॉप्यांवर खेळ भरून पुण्याला पाठवला. आम्रपाली स्वतः एसटीने घेऊन गेली, मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत.

सोमवार, ६ एप्रिल

कंपनीच्या साहेबाचं पत्र आलं. चित्रांचं कौतुक आहे. खेळ अवघड आहे तेही आवडलं. पण त्यांची चार पोरं दोन दिवस बसली, एकही तिसऱ्या मजल्याच्या वर गेला नाही. "जो खेळ कोणालाच पार करता येत नाही तो विकणार कोणाला? १५ मेपर्यंत दुरुस्त करून पाठवा, नाहीतर विषय संपला."

नूरीनने पत्र चारदा वाचलं. जेवली नाही.

"मी जाते की वर! आम्रपाली जाते. मग ह्यांना काय होतं?"

आम्रपाली म्हणाली, "आपण केलाय म्हणून जातो. यंत्रं लय कडक झाल्यात."

"कडक आहेत म्हणूनच मजा आहे."

दोघींची बोलाचाल तिथंच थांबली. मीही खेळून बघतो अधूनमधून. पहिल्याच मजल्यावर मरतो, तेव्हा माझं मत कुणी विचारत नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

काल बकरी ईद झाली. अश्फाक घरी आलाय, सोबत स्ट्रॉबेरीची टोपली, अर्धी रस्त्यातच चेंबलेली. आज नूरीन आणि आम्रपाली फ्लॉप्या आणायला मिरजेला गेल्या होत्या, तेवढ्यात हा खेळायला बसला. घाटात गाडी चालवणारा माणूस, हात पक्का. दोन तासांत तिसऱ्या मजल्यावर पोचला. मग मात्र धडाधड मरायला लागला.

"ह्या आयला! समोर एवढं दार उघडं दिसतंय आन् आत घुसता येईना. मागनं यंत्र येतंय आन् टाळकं फोडतंय."

"दार आवडलं का?" मी विचारलं.

"आवं अब्बा, आवडायचं काय त्यात? जायला तर पायजे!"

मला हसू आवरेना. घाटात डोळ्यांत तेल घालून गाडी हाकणारा माझा पोरगा, तोसुद्धा माझ्या रंगाला फसला. पेंटरला ह्याहून मोठं बक्षीस काय? नूरीन आल्यावर सांगायचं ठरवलं होतं, पण ती आली ती रडवेली, म्हणून राहिलं. अश्फाक संध्याकाळच्या गाडीने गेला.

रविवार, १९ एप्रिल

नूरीन यंत्रं मऊ करते आहे. कुणाचा जोर काढला, कुणाचा वेग काढला. आम्रपालीलाच हे हवं होतं, पण आता तीच म्हणते, "पार लेचापेचा करून टाकलास." नूरीन म्हणते, "मग सांग ना, कुठं अडतात!" ते दोघींनाही ठाऊक नाही. मला तर नाहीच.

घरात आणखी एक कटकट. रशीदाचा उजवा हात दुखतो आहे, मनगटापासून अंगठ्यापर्यंत. रोज संध्याकाळी बाम चोळते. म्हटलं कपडे कमी धुवत जा. म्हणाली, "कपड्यानं न्हाई दुखत." मग कशानं, ते सांगत नाही. दोनदा डाळ करपली. आणि परवा जेवताना मधेच विचारते, "बॉयलरचा पाईप फुटला की वाफ किती येळ येती?" मी म्हटलं, तुला काय करायचंय? तर म्हणे, असंच.

नूरीनने आणखी एक विचारलं: कॉम्प्युटरमध्ये 'आर' नावाने कुणीतरी खेळ राखून ठेवलाय, तो कुणी? मी म्हटलं, लाईट येते-जाते, त्यात काहीतरी झालं असेल.

गुरुवार, ३० एप्रिल

पंधरा दिवस राहिले. ऊन मी म्हणतंय. पोरगी मला ओळखू येत नाही. बोलायला गेलं की "नंतर, अब्बा." पाचगणीच्या शाळेचं स्मरणपत्र आलं, ते तिने वाचून उशीखाली ठेवलं. शाळेला २० मेपर्यंत उत्तर द्यायचंय.

मंगळवार, ५ मे

आज काय झालं ते नीट लिहितो.

चहाच्या दुकानाचा बोर्ड करायला गेलो होतो. मालक म्हणाला भिंत अजून ओली आहे, उद्या या. दुपारी दोनलाच घरी परतलो. नूरीन आणि आम्रपाली डीटीपीवाल्याकडे गेल्या होत्या. जिन्यातच यंत्रांचा आवाज ऐकू आला. म्हटलं कॉम्प्युटर चालू ठेवून गेल्या. आत बघतो तर रशीदा. खुर्चीवर एक पाय दुमडून, चष्मा नाकावर, पदर खोचलेला. माऊस असा धरलेला जसं लाटणं.

"काय चाललंय?"

"गप बसा. मरंल त्यो."

मी तिच्या मागे उभा राहिलो. कोंडीबा पाइपावरून उतरला, दोन यंत्रांना चुकवलं, एकाला वाफेने भाजलं. कपाटावरची शंकरपाळीची बरणी तिच्या मांडीत होती, मधे मधे एक तोंडात टाकत होती. मग माझ्या लक्षात आलं, जमीन निळी आहे. निळी जमीन चौथ्या मजल्याची.

"तू चौथ्यावर आहेस?"

"परवापास्नं."

"तिसऱ्यावरनं आलीस कशी?"

"बॉयलरच्या मागनं. बोळ हाय न्हवं तिथं."

"पुण्याची पोरं त्या दारापाशी मरतात," मी म्हटलं. कसं म्हटलं गेलं, ठाऊक नाही. त्या क्षणापर्यंत मी असा विचारच केला नव्हता. अश्फाक आठवला. "समोर एवढं दार उघडं दिसतंय," म्हणाला होता तो.

रशीदाने मान न वळवता सांगितलं, "तुमच्या दारातनं मी कशाला जाऊ? तीस वर्षं तुमची दारं बगितल्यात. पाय घातला की कापड फाटतंय. माणूस येनार तर विंगेतनं येनार, अंधारातनं."

खरं आहे. पडद्यावरच्या दारातून आजवर कुणी नट आलेला नाही. मला ते माहीत, तिला माहीत. नूरीनचा नकाशाच तिचा, तिला भिंत ठाऊक. पण पुण्याच्या पोरांनी माझे पडदे कुठं बघितलेत? त्यांना दार दिसलं, ते दाराकडे पळाले. यंत्रांचा काही दोष नव्हता.

मी विचारलं, "मग नूरीनला सांगितलं का नाहीस?"

तिने खेळ राखून ठेवला, चष्मा काढला आणि "भाकरी टाकायची हाय" म्हणून आत गेली. दुपारी अडीचला कसली भाकरी?

बुधवार, ६ मे

सांगितलं नाही.

सकाळी नूरीन समोर बसून चहा पीत होती. दोन शब्दांचं काम. तोंड उघडलं आणि म्हणालो, "साखर कमी झालीय का?" ह्या वहीत खोटं लिहून काय मिळणार? मनात आलं ते असं: नऊ दिवस गप बसलं की पंधरा तारीख जाईल. पोरगी पाचगणीला जाईल. रविवारी येईल. तिच्यासाठी मटण आणीन. पुण्याला गेलेली माणसं आधी महिन्याने येतात, मग ईदला येतात, मग त्यांना येणं जमत नाही.

दिवसभर चहावाल्याच्या बोर्डावर काम केलं. 'अमृततुल्य'मधला एक 'त' खाल्ला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

गुरुवार, ७ मे

आजही नाही. दोन वेळा तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. "काय अब्बा?" "काही नाही." तिने तिसऱ्या मजल्यावरचं आणखी एक यंत्र काढून टाकलं. आता तिथं जवळजवळ कुणी उरलंच नाही. रिकाम्या मजल्यावर बसून पोरगी डोळे पुसत होती. ज्या खेळासाठी वर्ष घातलं तो स्वतःच्या हाताने मोडत होती, आणि मोडायला मी लावत होतो.

रशीदा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मीही तिच्याशी नाही. एकमेकांकडे बघितलं मात्र बऱ्याचदा.

शुक्रवार, ८ मे

नमाजाहून आलो, चप्पलही काढली नाही. म्हटलं, "नूरीन, ते दार मी उगीच काढलंय. पोरं त्याच्यापायी मरतात."

मग तिने खेळ लावला, कोंडीबाला तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि पहिल्यांदाच परक्या माणसासारखं समोर बघितलं.

"या अल्ला," म्हणाली.

आम्रपाली कपाळावर हात मारून म्हणाली, "काका, एक महिना! आख्खा महिना आमी त्या बिचाऱ्या यंत्रांचं हातपाय तोडतोय!"

"कधी कळलं तुम्हाला?" नूरीनने विचारलं.

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे, अब्बा."

मी चप्पल काढायला खाली वाकलो. पण मी गप का बसलो ते तिला कळलं, कारण ती उठून माझ्याजवळ आली आणि शर्टाच्या बाहीवरचा वाळलेला रंग नखाने खरवडत बसली. लहानपणी रुसवा काढायचा असला की हेच करायची.

तेवढ्यात रशीदा दारातून म्हणाली, "मला बी म्हाईत हुतं. मी बी न्हाई बोलले. नुसतं तेंच्यावर नगं."

मग तिच्या खेळाची गोष्ट निघाली. 'आर' म्हणजे रशीदा. नूरीन हसली, किती दिवसांनी! आम्रपालीने तर तिला मिठीच मारली. "काकू, आख्ख्या महाराष्ट्रात चौथ्या मजल्यावर गेलेली पहिली बाई तुमी!"

सोमवार, ११ मे

आम्रपाली म्हणत होती दार पुसून टाकू. नूरीन नको म्हणाली. "अम्मी म्हणाली ना, पाय घातला की कापड फाटतं? तसंच होऊ दे." कोंडीबा दाराला धडकला की दार फाटणार आणि मागची भिंत दिसणार. फसायचं, पण एकदाच. काढून टाकलेली यंत्रं तिने सगळी परत आणली, पहिल्याहून जोरात.

फाटण्याची पाच चित्रं हवी होती. स्वतःचं सगळ्यात चांगलं काम स्वतःच फाडायचं. दोन दिवस लागले. चिंध्या कशा लोंबतात हे बघायला जुन्या राजवाड्याच्या पडद्याचा एक कोपरा खरोखर फाडला. रशीदा म्हणाली, "आता ह्येची पिशवी शिवते."

आज फ्लॉप्या गेल्या. ह्या वेळी सोळा झाल्या.

गुरुवार, २१ मे

काल नूरीनने पाचगणीला नकार कळवला, पुण्याचं उत्तर यायच्या आधीच. मी म्हटलं, थोडं थांबायचं होतंस. म्हणाली, "थांबले असते तर भीतीने हो म्हटलं असतं."

आज उत्तर आलं. चारपैकी तीन पोरं वर गेली, एक अजून अडलाय आणि जेवायलाही उठत नाही. खेळ घेतला. नूरीनने एक जूनला हजर व्हायचं. आम्रपाली आई बरी होईपर्यंत इथून काम करणार. कंपनी नूरीनला तिथं नवा कॉम्प्युटर देणार, तेव्हा आमचा पाहुणा घरीच राहील.

साऱ्या गल्लीला पेढे वाटले. शेजारच्या घरी दोनदा दिले. उन्हामुळे असेल.

रविवार, ७ जून

नूरीनला पहिलं पत्र लिहिलं. टाकण्याआधी इथं उतरवून ठेवतो.

"प्रिय नूरीन बेटा, अनेक आशीर्वाद. पोचल्याचा फोन आला, पण मागे तुझ्या मालकीणबाई उभ्या होत्या, त्यामुळे तू 'हो, बरं, ठीक' एवढंच बोललीस. म्हणून हे पत्र. जेवायचं काय केलंस? खोलीत वारा येतो का? ऑफिसातली माणसं बोलायला कशी आहेत? कोंडीबाचं नाव बदला असं साहेब म्हणत होते, त्याचं काय झालं? आम्रपाली म्हणते, बदललं तर ती स्वतः पुण्याला येईल, आणि तिचा राग तुला माहीत आहे.

माझं बरं चाललंय. सकाळी तुझ्या खोलीत झाडू मारायला लागतो तेव्हा जरा वेळ लागतो, एवढंच. अश्फाक येऊन गेला. त्याने ते दार फाडलं तेव्हा माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर निघून गेलो.

तुझी अम्मी पाचव्या मजल्यावर अडकली आहे. तू यंत्रांचा जोर परत वाढवलास, त्याबद्दल रोज तुझं नाव काढते. वाट मात्र तुला विचारू नका म्हणून मला बजावलंय, तेव्हा सांगू नकोस. खरी अडचण निराळी आहे. दुपारी पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की ती माऊस तसाच सोडून जिना उतरते. गुडघा बघत नाही, काही नाही. परत येईपर्यंत यंत्रांनी कोंडीबाला मारलेलं असतं. ह्या आठवड्यात चार वेळा मेला.

तेव्हा बेटा, चार ओळी का होईना, पण उत्तर लवकर लिही.

तुझा अब्बा."